चार वाजल्यानंतरचं पाणी : नागपूरच्या प्राध्यापक-संशोधकांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातील समाजशास्त्र, समाजकार्य, मानसशास्त्र, गृहविज्ञान आणि वैद्यक शाखांचे प्राध्यापक, संशोधक आणि विद्यार्थी यांस,

सप्रेम नमस्कार. घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा तुम्ही नीट, वर्षानुवर्षं अभ्यास करावा, एवढं मागायला हे पत्र लिहिते आहे.

मी नागपूरच्या नंदनवन वस्तीत राहते. वय 63. बँकेतली नोकरी संपून तीन वर्षं झाली. घरात आम्ही तिघं आहोत, मी, माझे यजमान आणि सासूबाई. सासूबाईंचं वय कागदोपत्री 86, त्यांच्या स्वतःच्या हिशेबानं त्याहून दोन वर्षं जास्त. मुलगा-सून हिंजवडीला. घरात तरुण माणूस नाही. ज्यांचे गुडघे दुखतात ते, ज्यांचे गुडघे कधीच गेले त्यांना उठवतात-बसवतात. आमच्या एका ओळीत अशी चार घरं आहेत.

गेल्या वर्षी मार्चअखेर एका दुपारी आमच्याकडे एका कॉलेजातली मुलगी आली. ज्येष्ठ नागरिकांच्या स्वास्थ्यावर तिचा प्रबंध होता आणि त्यासाठी ती प्रश्नावली भरून घेत होती. पोरगी गुणी. चपला बाहेर काढल्या, आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पाया पडली, सतरंजीवर बसायला लागली तर आईंनीच तिला खुर्ची दाखवली. मग तिनं वाचायला सुरुवात केली. "आजी, तुम्ही तुमच्या आयुष्याबद्दल समाधानी आहात का?" पर्याय चार होते : पूर्ण, बऱ्यापैकी, थोड्या, अजिबात नाही. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. आईंनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग म्हणाल्या, "पूर्ण." घरातली माणसं तुमचं ऐकतात का? पुन्हा नजर माझ्याकडे. "हो, सगळे ऐकतात." झोप चांगली, भूक चांगली, सगळंच चांगलं. शेवटी स्मरणशक्तीचे दोन-तीन प्रश्न होते. आज तारीख कोणती? आईंना सांगता आली नाही. मुलीनं तिथे शून्य मांडलं. आई स्वतःशीच पुटपुटल्या, "परवा संकष्टी झाली, म्हणजे आज षष्ठी लागली असंन." मी नंतर कॅलेंडर पाहिलं. षष्ठीच होती. पण तोवर मुलीनं पान उलटलं होतं.

वीस-बावीस मिनिटांत काम आटोपलं. चहा घेतला, "पुन्हा येईन हं आजी" म्हणाली आणि गेली.

त्या रात्री मी आईंना गोळ्या द्यायला गेले. त्यांनी गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा एक घोट घेतला आणि पेला बाजूला सारला. पूर्ण प्या म्हटलं तर म्हणाल्या, "मी चार वाजल्यापासून पाणी पेतच नाही." मी विचारलं, काहून? "रात्री तीन-तीनदा उठा लागते. अंधारात पडली-गिडली तं तुलेच करा लागन." दुपारी कुणीतरी अर्धा तास फक्त त्यांच्याबद्दल बोललं होतं, म्हणून बहुतेक हे त्यांच्या तोंडून निघालं असावं. एरवी त्या बोलल्या नसत्या. या घरात मला 38 वर्षं झाली. मला हे माहीत नव्हतं.

मार्चअखेर, नागपूर. पारा चाळिशीला टेकलेला. आणि एक बाई दुपारी चारपासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत, म्हणजे चौदा तास, औषधापुरत्या घोटावर.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, लघवी वाढवणारी गोळी कधी देता? रक्तदाबासाठी आईंना ती चालू होती आणि औषधांच्या डब्यात मी ती रात्रीच्या खान्यात टाकत होते. डॉक्टरांनी ती सकाळवर नेली. खाटेजवळ भांडं असलेली खुर्ची आणली, बोळीत झिरोचा बल्ब लावला, भिंतीला धरायला एक दांडी बसवून घेतली. दहा दिवसांत आई संध्याकाळी पेला-दीड पेला पाणी प्यायला लागल्या. दुपारची गुंगी, जी मी वयाची म्हणून सोडून दिली होती, तीही बरीच कमी झाली.

तेव्हापासून मी एक वही ठेवते. तिच्याबद्दल शेवटी लिहीन.

आता तुम्हाला जे सांगायचं आहे ते. दर उन्हाळ्यात आपल्या शहरात उष्णतेच्या लाटेचा आराखडा निघतो, फलक लागतात, भरपूर पाणी प्या असं सांगितलं जातं. सल्ला बरोबरच आहे. पण वय वाढलं की तहानेची जाणीवच मंदावते, घाम कमी येतो, त्यात लघवीच्या गोळ्या. आणि ज्या बाईनं पडण्याच्या भीतीनं पाणी तोडलं आहे, तिच्यासाठी फलकावर काय लिहायचं? तिला पाण्याचा सल्ला नको आहे. तिला रात्री मोरीपर्यंत उजेड हवा आहे. हे कुणाला कळायचं असेल तर तुम्हालाच. कारण महापालिका फलक लावू शकते, डॉक्टर आलेल्याला तपासू शकतात, पण घरात जाऊन, बसून, माणूस असं का वागतो हे शोधून काढणं हे तुमचं शिक्षण आहे.

मोजणीनं काय होतं हे अहमदाबादेनं दाखवून दिलं आहे. 2010 च्या मे महिन्यात तिथे पारा 46.8 अंशांवर गेला होता. दाखल्यांवर उष्माघात क्वचितच लिहिला जातो. हृदयविकार लिहितात, वार्धक्य लिहितात. संशोधकांनी मग कारणं बाजूला ठेवली आणि त्या महिन्यातले सगळेच मृत्यू आदल्या आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले. नेहमीपेक्षा 1,344 माणसं जास्त गेली होती. शहराचा आराखडा उभा राहिला तो त्या लाटेनंतर, 2013 साली. आपल्याकडेही मे महिन्यात म्हातारी माणसं जातात. पिकलं पान गळालं, असं म्हणून आपण तेरावं उरकतो. पान पिकलेलं होतं हे खरं, पण ते उन्हानं गळालं का, हे कुणी पाहिलं?

सरकार आईंची चौकशी वर्षातून एकदा करतं, नोव्हेंबरात. सासऱ्यांच्या मागे त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन आहे, त्यासाठी हयातीचा दाखला लागतो. मागच्या खेपेला यंत्रावर अंगठा उमटेना. भांडी घासून, पापड लाटून, वर्षानुवर्षं गोवऱ्या थापून बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. डाव्या हाताचा, मग उजव्या हाताचा, मग ओल्या कपड्यानं पुसून पुन्हा. काउंटरवरचा मुलगा वैतागला होता, मागे रांग होती. सातव्या वेळी यंत्रानं मान्य केलं की ही बाई जिवंत आहे. रिक्षात बसल्यावर आई म्हणाल्या, "जित्ती आहो का, इतकंच पुसते वं हे." मला उत्तर सुचलं नाही. बाळ जन्मलं की त्याचं वजन लिहितात, महिन्या-महिन्यानं तक्त्यावर टिंब टाकतात, रेघ खाली गेली की अंगणवाडीची ताई घरी येते. 1921 साली कमलाताई होस्पेट यांनी याच शहरात मातृसेवा संघ सुरू केला, तेव्हा बाळंतपणाकडेही लोक नशीब म्हणूनच बघत होते. बाळंतीण नशिबावर सोडायची नाही हे नागपूर शंभर वर्षांपूर्वी शिकलं. आईंचं वजन दोन वर्षांत सहा किलोनं उतरलं, ते आमच्या घरच्या काट्यावर मला दिसलं. ते टिंब टाकायला कुठेही तक्ता नाही.

देशपातळीवर अभ्यास होत नाहीत असं मी म्हणत नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं 2017-18 मध्ये 45 वर्षांपुढच्या 72 हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली, त्याचा अहवाल 2021 च्या जानेवारीत आला. त्यात नुसते प्रश्न नव्हते. हाताची पकड मोजली, चालण्याचा वेग मोजला, रक्तदाब घेतला. आणि त्याच माणसांकडे वर्षानुवर्षं पुन्हा जायचं, असा तो बेत आहे. हे मला फार मोलाचं वाटतं. पण ते आकडे देशाचे आणि राज्याचे. त्यातून नंदनवन निघत नाही, तांडापेठ निघत नाही. कोकणातल्या कौलारू घरातलं म्हातारपण आणि नागपुरात स्लॅबखालच्या तापलेल्या खोलीतलं म्हातारपण यांची सरासरी काढून आमच्या हाती काय लागणार?

एकच माणूस पुन्हा पुन्हा पाहायचा, हा विचार जुना आहे. अमेरिकेत बाल्टिमोर इथे 1958 साली असा अभ्यास सुरू झाला आणि तो अजून चालू आहे. मात्र पहिली वीस वर्षं त्यात बायका घेतल्याच नव्हत्या, त्या 1978 पासून आल्या. हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं. आमच्या ओळीतल्या चार घरांत मिळून पाच अतिवृद्ध आहेत, त्यातल्या चार बायका, चौघीही विधवा. बाईचं म्हातारपण लांब असतं आणि बहुधा तिच्या नावावर काही नसतं. तुम्ही सुरुवात कराल तेव्हा तिच्यापासून करा.

आमच्याकडे गेली 20 वर्षं धुणीभांडी करणाऱ्या बाईंचं सांगते. त्यांना वय विचारलं तर म्हणतात, "इंदिरा गांधी गेली तवा माहा मोठा पोट्टा पोटात होता." म्हणजे आज त्या साठीच्या आसपास असतील. आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी, कुणीतरी अंदाजानं टाकलेली, आणि त्या तारखेनं त्या जेमतेम 54 च्या. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये मिळायला 65 पूर्ण लागतात. त्यांची कंबर वाकली आहे, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, माझ्यापेक्षा त्या सर्वार्थानं म्हाताऱ्या आहेत आणि कागदावर माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. साठीची रेघ ओढून अभ्यास केलात तर या बाई तुमच्या यादीत येणारच नाहीत. खड्डामागावर पाय सोडून कापड विणत आयुष्य घालवलेले कोष्टी येणार नाहीत, सायकलरिक्षा ओढून पन्नाशीतच छाती गेलेले येणार नाहीत.

आणि याच शहरात एम्प्रेस मिल होती. 1877 साली सुरू झाली, आणि जमशेटजी टाटांनी 1886 मध्ये तिथल्या कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा फंड काढला. जर्मनीतला म्हातारपणाच्या विम्याचा सुप्रसिद्ध कायदा 1889 चा. राबलेल्या माणसाच्या म्हातारपणाची सोय लावायचा विचार नागपुरात त्याच्याही आधी झाला, याचा मला अभिमान आहे. म्हणूनच तुमच्याकडे हक्कानं मागते आहे. नागपूर विद्यापीठानं 2023 मध्ये शंभरी पूर्ण केली, ते आता स्वतःच शतायुषी आहे.

माझं मागणं मोठं नाही. एक प्रभाग घ्या. तीनशे घरं घ्या, बंगल्यातली, झोपडपट्टीतली, फ्लॅटमधली. दहा वर्षं तीच माणसं पाहा. वर्षातून दोनदा जा, एकदा मे महिन्यात, एकदा डिसेंबरात, कारण नागपूरचं म्हातारपण दोन ऋतूंत दोन तऱ्हेचं असतं. विद्यार्थी बदलतील, ते स्वाभाविक आहे, पण वही तीच राहू द्या. पहिल्या भेटीत प्रश्नावली बाहेर काढू नका, नुसतं बसा. दुसऱ्या भेटीत सुनेला, मुलीला, मुलाला कामात गुंतवा आणि म्हातारीशी एकटीशी बोला. मी वाईट सून नाही असं मला वाटतं, पण मी दारात उभी होते म्हणून त्या दिवशीची उत्तरं खोटी ठरली. तारखेऐवजी तिथी विचारा, बाजारभाव विचारा. ज्या बाई शाळेत गेल्या नाहीत त्यांना शंभरातून सात-सात वजा करायला लावू नका. पावशेराचा भाव सांगून दीड किलोचे किती ते विचारा, बघा कसं झटकन उत्तर येतं. आणि त्यांच्या बोलीत विचारा. "आपणांस एकाकीपणा जाणवतो का" याला आमच्याकडे कुणी उत्तर देणार नाही. "दिवसभर करमते का वं?" असं विचारा. रडूच येईल कुणाला.

विचारायच्या गोष्टी मी सुचवू का? रात्री किती वेळा उठता. कूलर कोण बंद करतं. आमच्या आई आम्ही बाहेर गेलो की लगेच कूलर बंद करायच्या, बिल येते म्हणून, आणि आमची गाडी वाजली की सुरू करायच्या. हे मला शेजारणीनं सांगितलं. शेवटचं फाटकाबाहेर कधी गेलात. स्वतःच्या हातानं पैसे शेवटचे कधी खर्च केले. शेवटचं कुणी डोक्याला तेल लावून दिलं. घरात कोणत्या मजल्यावर झोपता. ही शेवटची गोष्ट मला 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेपासून छळते. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावर कोण होतं? ज्यांना जिना चढवत नाही तीच माणसं. पायऱ्या नकोत म्हणून आपण म्हाताऱ्यांना खाली ठेवतो आणि पाणी सगळ्यात आधी त्यांच्याच खाटेला लागतं. कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळलं आहे याची यादी अशा पहाटे कुणाच्या तरी हातात असायला नको का?

ऐकू न येणं हाही तुमच्या अभ्यासाचा विषय व्हावा. ओळीतले एक काका विचारलं एक की भलतंच उत्तर द्यायचे, चारचौघांत हसू व्हायचं, मग त्यांनी येणंच सोडलं. घरच्यांनी म्हातारचळ म्हणून टाकलं. कानाच्या डॉक्टरकडे नेलं तर दोन्ही कानांत मळ दगडासारखा झाला होता. मराठीतले काही शब्द फार दुष्ट आहेत. म्हातारचळ, साठी बुद्धी नाठी. नावं ठेवायला इतके शब्द आणि तपासायला माणूस नाही.

एक तक्रारही करते. म्हातारपण म्हटलं की आपल्याकडे लगेच वृद्धाश्रम आणि कृतघ्न मुलगा येतो. शाळेच्या निबंधात, भाषणात, स्पर्धेच्या एकांकिकेत. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि सगळे घरी जातात. 2007 चा कायदा मुलांनी पोटगी द्यावी म्हणून आहे, तो हवाच, ज्यांच्यावर वेळ आली त्यांना त्याचा आधार आहे. पण बहुसंख्य म्हातारी माणसं वृद्धाश्रमात नाहीत. ती घरात आहेत, त्यांच्या मुलांचं त्यांच्यावर प्रेम आहे, आणि तरी ती तहानलेली आहेत. तिथे खलनायक कुणीच नाही, म्हणून तिथे कुणी बघतही नाही.

आणि जे कळेल ते परत आणा. इंग्रजी प्रबंधाची एक प्रत कपाटात जाते हे मला ठाऊक आहे. तिची दोन पानं मराठीत करा, बागेतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात वाचा, वस्तीच्या समाजमंदिरात वाचा, घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविका आशाताईंना द्या. तुमच्या तीनशे घरांतल्या साठ बायका चार वाजल्यानंतर पाणी पीत नसतील, तर महापालिकेला फलकाचा मजकूर बदलावा लागेल. कदाचित साठ नसतील, सहाच असतील. तेही कळू द्या.

आता वहीबद्दल. त्यात 14 महिन्यांच्या नोंदी आहेत. रोज संध्याकाळचं पाणी, रात्रीचं उठणं, महिन्याचं वजन, आणि खाटेपासून पुढच्या दारापर्यंत यायला आईंना लागलेला वेळ. 19 पावलं आहेत. गेल्या मे महिन्यात 24 सेकंद लागायचे, या मे महिन्यात 41. मी काही शास्त्र शिकलेली नाही, खातेवही लिहायची सवय होती म्हणून लिहीत गेले. तुमच्यापैकी कुणाला उपयोग होणार असेल तर ती वही मी देते. आईंना विचारलं आहे, त्यांची हरकत नाही. त्यांची एकच अट आहे, तीच पोरगी यावी. अधूनमधून विचारतात, "ते पोट्टी नाही आली वं पुन्हा? तिचा पेपर झाला असंन का?"

ती हे वाचत असेल तर तिनं यावं, नाहीतर दुसऱ्या कुणी. सकाळी नऊच्या आत या, नंतर ऊन चढतं. बेल वाजवल्यावर लगेच दुसऱ्यांदा वाजवू नका. दार आई स्वतः उघडतात.

आपली,
नंदनवनातील एक सून, वय वर्षे 63